पाहुण्याचे ताट



घरी चार पाहुणे जेवावयास यावयाचे असले, म्हणजे गृहिणीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो काय करावे हा नव्हे. कोणाला काय चालत नाही, हा होय. एकाला कांदालसूण वर्ज्य असतो. दुसऱ्याची नेमकी त्याच दिवशी चतुर्थी असते. तिसऱ्याची साखर डॉक्टरांनी बंद केलेली असते आणि चौथ्याला मासळीवाचून जेवण झाल्यासारखे वाटत नाही. या चौघांना एका वेळी, एका पंगतीस बसवून तृप्त करावयाचे, हे काम एखाद्या दरबारी मुत्सद्द्याच्या कामाहून सोपे नाही. मात्र मुत्सद्द्याच्या कामाची बखर होते आणि गृहिणीच्या कामाची होत नाही, इतकाच काय तो फरक.

मी उभ्या आयुष्यात मुलांना इतिहास शिकविला. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही ज्ञान, ते वाचनालयाच्या बाकावर बसून मिळविलेले. वर्गात मी लढाया सांगितल्या, तह सांगितले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण तह करावयास आलेली माणसे तहापूर्वी दोन वेळा जेवत होती, आणि त्यांना कोणीतरी जेवू घालीत होते, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आज त्या जेवू घालण्याच्या इतिहासातील तीनचार प्रसंग आपणापुढे ठेवावयाचे योजिले आहे.

पहिला प्रसंग रायगडावरचा. इ. स. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा रायगडाकडे निघाला. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मागावी, व्यापाराच्या सवलती मिळवाव्यात आणि महाराजांशी तह करावा, हा त्याचा हेतू होता. दुभाष्या म्हणून नारायण शेणवी त्याच्याबरोबर होता. मंडळी पाचाडास पोहोचली तेव्हा शिवाजी महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनास गेलेले होते. म्हणून काही दिवस गडाच्या पायथ्याशीच मुक्काम करणे भाग पडले. पुढे महाराज परत आल्यावर मंडळी गड चढून वर गेली आणि ६ जून १६७४ रोजी झालेला राज्याभिषेक ऑक्झिंडेनने प्रत्यक्ष पाहिला.

गडावर त्या वेळी केवढी गर्दी होती! अकरा हजार ब्राह्मण, आणि बायकामुले धरून पन्नास हजार माणसे जमली होती व चार महिने त्यांना गोडाधोडाचे भोजन मिळत होते, असे सर जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. हा आकडा अतिशयोक्तीचा मानून निम्मा केला, तरी एवढ्या माणसांसाठी धान्य, तूप, गूळ आणि सर्पण डोंगरावर चढवून नेणे ही काय कामगिरी असेल याची कल्पना ज्याने रायगडाच्या पायऱ्या स्वतः चढल्या आहेत त्यालाच यावयाची. काशीचे पंडित गागाभट्ट विधीचे अध्वर्यू होते. मुंज, तुला, अभिषेक, दाने असे विधींमागून विधी चालले होते. सारा गड सोवळ्यात होता म्हटले तरी चालेल.

अशा त्या गडावर ऑक्झिंडेन आणि त्याचे सोबती हे परदेशी पाहुणे. त्यांची जी हकीकत आपणास कळते ती जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टराच्या ग्रंथातून. फ्रायर स्वतः त्या मंडळींबरोबर गेला नव्हता. पण कंपनीचा डॉक्टर म्हणून तो त्या काळी मुंबईस होता आणि त्याने ही हकीकत आपल्या प्रवासवर्णनात घातली. तो ग्रंथ लंडनमध्ये १६९८ साली छापला गेला. त्यात तो सांगतो की, पाहुण्यांना तेथे मिळत होती ती खिचडी, म्हणजे डाळतांदूळ एकत्र करून लोण्यात शिजविलेला पदार्थ. इकडच्या लोकांना ती फार आवडते आणि तिच्यावर ते चांगले पोसले जातात, असेही तो म्हणतो. पण मांसाची सवय असलेल्या या व्यापाऱ्यांना खिचडी किती दिवस गोड लागणार? त्यांनी महाराजांच्या कानावर घातले की, आमच्यासाठी मांसाची सोय व्हावी.

येथे क्षणभर थांबून यजमानाची अडचण लक्षात घ्या. राज्याभिषेकाचा मुहूर्त जवळ आलेला, हजारो ब्राह्मणांची भोजने चाललेली, आणि पाहुणे मागतात मांस. आमच्याकडे हे असेच असते, खावयाचे तर खा, असे उत्तर देता आले असते. तसे उत्तर गेले नाही. तेथे जे थोडे मुसलमान राहत होते आणि ज्यांना मांसाचा खर्च परवडत होता, त्यांना मांस पुरविणारा एक खाटीक होता. इंग्रजांना लागतील तितके बोकड पुरवावेत, असा त्याला हुकूम झाला. रोज अर्धा बोकड पाहुण्यांकडे जाऊ लागला. बोकडाखेरीज दुसरे मांस त्यांना तेथे मिळण्याजोगे नव्हते, अशीही नोंद फ्रायर करतो.

या व्यवस्थेतील शहाणपणा पाहण्यासारखा आहे. यजमानाने स्वतःच्या मुदपाकखान्याची रीत मोडली नाही आणि पाहुण्याला उपाशीही ठेवले नाही. हे काम ज्याला येत होते, ज्याच्या घरचा तो धंदाच होता, त्याच्याकडे ते सोपविले. जे देता येत होते ते मोकळ्या हाताने दिले आणि जे देता येण्यासारखे नव्हते ते दिले नाही. पाहुण्यांनीही त्याबद्दल तक्रार केल्याचे दिसत नाही. त्या जून महिन्यातच तह झाला. तो खिचडीमुळे किंवा बोकडामुळे झाला, असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण पोटात राग घेऊन बसलेला वकील आणि तृप्त वकील यांच्या बोलण्यात अंतर पडते, हे कोणीही संसारी मनुष्य कबूल करील.

या हकीकतीचा शेवट मोठा गमतीचा आहे. तो खाटीक म्हातारा होता. तरीही एके दिवशी तो धापा टाकीत गड चढून वर आला. कशासाठी, तर आपली ही नवी गिऱ्हाइके डोळ्यांनी पाहावीत म्हणून! मागच्या काही वर्षांत मिळून त्याने जितके मांस विकले नव्हते, तितके या मंडळींनी त्या थोड्या दिवसांत फस्त केले होते. फ्रायर यावरून एकदम ठरवून टाकतो की, येथील हिंदू लोक मांस खातच नाहीत. हे मात्र चुकीचे आहे. कोकणातील कोळ्याच्या किंवा मराठ्याच्या घरी तो जेवावयास गेला असता, तर त्याने असे लिहिले नसते. खरी गोष्ट अशी की, गरीब देशात मांस हे सणासुदीचे, जत्रेचे अन्न होते; रोजचे नव्हते. पण त्याच फ्रायरने पुढे, उष्ण देशात आपण इंग्रज इतके मांस खातो हे चुकत तर नाही ना, अशी शंकाही बोलून दाखविली आहे. पाहुणचाराचा एक फायदा असा की, यजमानाप्रमाणे पाहुण्यालाही स्वतःच्या ताटाकडे नव्याने पाहता येते.

ही म्हाताऱ्या खाटकाची गोष्ट मी मुलांना शेकडो वेळा सांगितली असेल. मुले खदखदा हसत. एकदा तर ती मी प्रत्यक्ष रायगडावरच सांगितली, आणि त्याच दिवशी माझ्या हातून जो अपराध घडला तो आज येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आमच्या शाळेची सहल रायगडावर गेली होती. मार्गशीर्षातील एकादशी होती. सहलीच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती आणि ती मी फार विचारपूर्वक केली, असा माझा समज होता. सर्वांसाठी मसालेभात, पुरी आणि बटाट्याची भाजी. एकादशी करणाऱ्यांसाठी बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी. कोणाचीही गैरसोय होऊ नये म्हणून मांसमच्छर अर्थातच नव्हते. गड उतरून पाचाडास पंगत बसली. एक मुलगा ओळीच्या टोकाला बसून मिठाबरोबर दोन कोरड्या पुऱ्या खात होता. मी त्याला विचारले, "का रे, वाढून घेत नाहीस?" तो म्हणाला, "भूक नाही, सर." मी पुढे गेलो.

मुलगा जैन होता. त्याच्या घरी कंदमूळ वर्ज्य. बटाटा भाजीत होता, बटाटा खिचडीत होता, आणि मसालेभातात कांदा होता. म्हणजे ज्या बटाट्याच्या भरवशावर मी एकादशीवाल्यांची सोय केली होती, त्याच बटाट्याने या मुलाचे ताट रिकामे ठेवले होते. एवढ्यानेही झाले नाही. परत येताना महाडास रात्रीचे जेवण झाले, तेव्हा तो गाडीतच बसून राहिला. कारण सूर्यास्तानंतर तो जेवत नसे. हे मला त्याच्या मित्राने सांगितले ते दुसऱ्या दिवशी. रायगड चढून उतरलेला बारा वर्षांचा मुलगा दोन पुऱ्यांवर रात्र काढतो, आणि त्याचा इतिहासाचा मास्तर, पाहुण्याला विचारून जेवू घालणाऱ्या राजाची गोष्ट सांगून, स्वतः पोटभर जेवून झोपतो! मला त्याला विचारण्यास किती वेळ लागला असता? आणि त्याने 'भूक नाही' म्हटले ते खोटे, हे ओळखण्यास मास्तरकीची किती वर्षे लागावीत?

त्या दिवसापासून या उपवासाच्या ताटाविषयी मी थोडे वाचू लागलो. बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातील. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. युरोपीय लोकांच्या जहाजांबरोबर ही मंडळी आपल्याकडे आली. परदेशी म्हणून कोणी त्यांना बाहेर ठेवले नाही. उलट ती आपल्या एकादशीच्या ताटात मानाने जाऊन बसली. आणि ज्या गव्हातांदळावर आपल्या बापजाद्यांच्या अनेक पिढ्या जगल्या ते उपवासाला चालेनासे झाले. चातुर्मासात कांदा आणि वांगे वर्ज्य करणारा गृहस्थ आषाढ शुद्ध नवमीस, कांदेनवमी म्हणून, तेच पदार्थ आवडीने खाऊन घेतो. यावरून मी नियमांची थट्टा करावयाची नाही. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच की, आपले नियम आपल्याला जितके स्वाभाविक वाटतात तितकेच दुसऱ्याचे त्याला वाटतात, आणि तर्काने दोन्ही सारखेच लंगडे किंवा सारखेच धडधाकट ठरतात. पाहुण्याच्या नियमाचा शास्त्रार्थ करणे हे यजमानाचे काम नव्हे.

मात्र येथे एक धोका आहे. दुसऱ्याच्या ताटाचा मान राखावयाचा, हे तत्त्व घेऊन आपण फार सहज दुसऱ्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. मला हे चालत नाही, इथपासून मला तुझ्या हातचे चालत नाही, इथपर्यंतचे अंतर आपल्या समाजाने कित्येक शतके ओलांडलेले आहे. पहिले पथ्य आहे. दुसरा विटाळ आहे. रेल्वेच्या स्टेशनांवर एके काळी 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे निराळे ठेवलेले असे. पाण्यात कोणाचे पथ्य असणार? तेथे प्रश्न पाण्याचा नव्हताच.

हा फरक किती महाग पडतो हे पुणेकरांनी १८९० साली पाहिले. ऑक्टोबरच्या १४ तारखेस पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि व्याख्यानानंतर मिशनच्या मंडळींनी जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेविली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी नंतर ही बातमी नावानिशी वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली आणि सारे पुणे पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, शास्त्र्यांचे मंडळ चौकशीस बसले. टिळकांनी, आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. आपल्या हातून पाप घडले असे त्यांना वाटत होते म्हणून नव्हे. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरात जी दुःखे माजली ती थांबावीत म्हणून. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत या प्रकरणाविषयी लिहिले आहे. त्या चहात कोणाच्या पथ्याला बाधक असे काय होते? पाणी, दूध, साखर आणि चहाची पत्ती. दोष शोधला गेला तो कपातल्या पदार्थात नव्हे, देणाऱ्या हातात.

अकरा वर्षांनंतर, १९०१ च्या डिसेंबरात, कलकत्त्यास काँग्रेस भरली. पुष्कळसे प्रतिनिधी रिपन कॉलेजात उतरले होते. लोकमान्य तेथेच होते, आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेले तरुण बॅरिस्टर गांधीही त्याच इमारतीत उतरले होते. गांधींनी आपल्या आत्मचरित्रात तेथील एका स्वयंपाकघराचे वर्णन केले आहे. तमिळ प्रतिनिधींना जेवताना दुसऱ्याची दृष्टी पडलेली चालत नसे. म्हणून त्यांच्यासाठी आवारात चटयांचे कूड उभारून निराळी जागा केली होती. स्वयंपाक, जेवण, हातपाय धुणे सारे त्या एका कोंदट, धुराने भरलेल्या कोठडीत. सर्व हिंदुस्थान एक करावयास जमलेल्या मंडळींतील काही जण एखाद्या तिजोरीत कोंडल्यासारखे धुरात जेवत होते! या देखाव्याने गांधींना फार वाईट वाटले. यजमानांनी पाहुण्यांचा नियम पाळला, यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. पण नियमाने शेवटी नियम पाळणाऱ्यालाच कोंडून घातले होते.

कोल्हापुरास शाहू महाराजांनी याच गाठीवर निराळा घाव घातला. गंगाराम कांबळे हा त्यांच्या पदरचा अस्पृश्य नोकर. पाण्याला शिवला म्हणून त्याला सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्याला पैशाची मदत देऊन भरवस्तीत चहाचे दुकान घालावयास लावले. दुकान स्वच्छ होते, चहा उत्तम होता, आणि गिऱ्हाईक एकही फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी दुकानापुढे उभी करवीत, गंगारामच्या हातचा चहा मागवून घेत आणि बरोबरच्या सरदार, मानकऱ्यांनाही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला चहा आपण नाकारावा, अशी छाती कोणाची? राज्यात हुकूम काढणे त्यांना सोपे होते. हुकूम त्यांनी काढलेही. पण नुसत्या हुकमाने जे साधले नसते ते त्या पेल्याने साधले.

आता कोणी विचारील की, पथ्य पाळावयाचे आणि विटाळ मानावयाचा नाही, हे दोन्ही एका वेळी जमते काय? जमते, आणि त्याचे उदाहरण त्या पंचहौदवाल्या गोपाळराव जोश्यांच्याच घरात होते. त्यांच्या पत्नी डॉक्टर आनंदीबाई १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. मी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या ख्रिस्ती कुटुंबात त्या राहिल्या. त्यांनी मांसाहार केला नाही, आणि कार्पेंटरबाईंनीही त्यांच्यावर कसली सक्ती केली नाही. त्या बाईंना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या थंडीत शाकाहार सांभाळताना आनंदीबाईंचे फार हाल झाले. १८८६ साली त्यांनी पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसता, पुण्यास त्यांचा अंत झाला. पण एकाच छपराखाली, एकाच मायेने, दोन निराळी ताटे कशी नांदू शकतात, हे त्या घराने दाखविले. ताट निराळे होते. माणूस निराळा काढलेला नव्हता.

माझ्या मते सारा प्रश्न येथे येऊन थांबतो. पाहुण्याला काय वाढावे हे त्याने सांगावे. त्याला कोठे बसवावे हे मात्र आपण ठरवावे, आणि ते आपल्या शेजारीच ठरवावे. रायगडावर अर्धा बोकड गेला तो पाहुण्यांच्या मानासाठी. रिपन कॉलेजात चटयांचे कूड उभे राहिले, तेही पाहुण्यांच्या मागणीवरूनच. दोन्ही सोयीच. पण पहिल्या सोयीने माणसे जवळ आली, दुसरीने दूर झाली. आपल्या घरी पंगत मांडताना या दोहोंपैकी आपण कोणती सोय करीत आहो, एवढे तपासून पाहिले तरी पुष्कळ आहे.

जाता जाता त्या मुलाविषयी सांगतो. आता तो संसारी गृहस्थ झाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने नवे घर बांधले आणि मला वास्तुशांतीच्या जेवणाचे आमंत्रण दिले. बोलणे संपवून मी फोन खाली ठेवणार, तोच तो म्हणाला, "सर, आपल्याला काय चालत नाही, तेवढे सांगून ठेवा."

मला साखर चालत नाही, असे मी त्याला सांगितले. दुसरे जे सांगावयाचे होते ते त्याच्या घरी गेल्यावर, जेवणापूर्वी, सांगितले. ती सहल त्याच्या पूर्ण लक्षात होती. तो हसला, आणि मला हाताला धरून पंगतीत आपल्या शेजारी घेऊन गेला.